पेपरमिंट चॉकलेट ब्राउनी: पेपरमिंट कुठे घालावे आणि कुठे घालू नये

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण नागपुरात घरून बेकिंगच्या ऑर्डरी घेता. गेल्या नाताळात आपण पेपरमिंट चॉकलेट ब्राउनी केल्या, तेव्हा मिश्रणात इसेन्स घालूनही भाजल्यावर त्याचा मागमूस उरला नाही. पुढच्या खेपेस प्रमाण वाढवले, तर खाणाऱ्यांना टूथपेस्टची आठवण झाली. वर पेरलेली लाल-पांढऱ्या गोळ्यांची भरड रात्रीतून पाघळली आणि ब्राउनी केकसारखी फुगून कोरडी झाली. शिवाय बिनअंड्याच्या ऑर्डरींसाठी काय करावे, हेही आपण विचारले आहे. यांपैकी पहिल्या दोन तक्रारी एकाच चुकीच्या समजुतीतून येतात, म्हणून आधी त्यांच्याकडे वळतो. पेपरमिंट भट्टीत जाता कामा नये, आणि गोळ्यांची भरड ओलाव्याशेजारी बसता कामा नये. एवढे पाळले की उरते ती साधी, चांगली ब्राउनी.

पेपरमिंटचे तेल पानांतून काढतात ते वाफेच्या साहाय्याने. पानांमधून वाफ सोडली की सुगंधी द्रव्ये तिच्याबरोबर निघून येतात आणि वाफ थंड केल्यावर तेल पाण्यावर वेगळे तरंगते. ब्राउनीच्या मिश्रणात अंडी आणि लोणी यांच्यामुळे बरेच पाणी असते, आणि ओव्हनमध्ये पंचवीस-तीस मिनिटे त्याची वाफ होत असते. म्हणजे आपण मिश्रणात घातलेले पेपरमिंट आपणच वाफेबरोबर बाहेर काढून टाकतो. भाजताना घरभर सुरेख वास सुटतो, तो ब्राउनीतून निघून गेलेलाच वास असतो. त्यातही हलके सुगंधी घटक आधी उडतात आणि मेंथॉलचा गारवा तुलनेने मागे रेंगाळतो. म्हणून प्रमाण दुप्पट केले की सुगंध दुप्पट होत नाही, नुसती गार, कडसर जाणीव वाढते. टूथपेस्टची आठवण होते ती याच टप्प्यावर. हा गारवा खरा नसतो, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. मेंथॉल तोंडाचे तापमान उतरवत नाही. थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंवरील टीआरपीएम८ या ग्राहक-प्रथिनाला (रिसेप्टरला) ते चेतवते आणि मेंदूला थंडीची खोटी वर्दी मिळते. तापमान आणि स्पर्श यांच्या ग्राहकांवरील संशोधनासाठी डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूटियन यांना २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यात या ग्राहकाचाही वाटा आहे. आपल्या कामापुरता त्याचा अर्थ असा की हे ग्राहक लवकर बधिर होतात, आणि म्हणून स्वतःच्या जिभेवर विसंबून पेपरमिंटचे प्रमाण ठरवणे धोक्याचे असते. त्याविषयी पुढे सांगतो.

आता कोणते पेपरमिंट घ्यावे? भाजीबाजारातली पुदिन्याची जुडी या कामाची नाही. आपण चटणीला वापरतो त्या पुदिन्यात मुख्यतः कार्व्होन हे सुगंधी द्रव्य असते आणि मेंथॉल जवळजवळ नसते. ताजी पाने लोण्यात किंवा क्रीममध्ये मुरवली तर चॉकलेटला हिरवट, चटणीसारखा वास येतो. तो काहींना आवडतो, पण ज्या चवीसाठी नाताळात ही ब्राउनी मागितली जाते, ती चव ही नव्हे. पेपरमिंट ही पाणपुदिना आणि चटणीचा पुदिना यांच्या संकरातून आलेली वनस्पती आहे. उत्तर प्रदेशात बाराबंकीच्या पट्ट्यात मोठ्या प्रमाणावर पिकतो तो जपानी पुदिना वेगळा; त्याच्या तेलात मेंथॉलचे प्रमाण पेपरमिंटपेक्षा बरेच जास्त असते आणि त्यापासूनच मेंथॉलचे खडे काढले जातात. किराणा आणि काष्ठौषधीच्या दुकानांत पुदिन्याचे फूल म्हणून जे पांढरे, सुईसारखे स्फटिक मिळतात, ते हेच. विड्याच्या पानात घालण्यासाठी किंवा घरगुती औषधासाठी ते ठीक आहेत, पण ब्राउनीत मुळीच घालू नयेत. त्यांत गारवा सगळा असतो आणि पेपरमिंटचा गोडसर, गोल सुगंध नसतो. शिवाय एखादा खडा नीट विरघळला नाही तर तो ज्याच्या वाट्याला येईल त्याची जीभ तासभर कामातून जाते.

त्यामुळे बाटली घेताना त्यावर खाद्यपदार्थांसाठी असल्याचा स्पष्ट उल्लेख आणि खाद्य परवान्याचा क्रमांक आहे ना, हे पाहावे. मिंट एवढेच लिहिलेल्या हिरव्या रंगाच्या इसेन्सपेक्षा पेपरमिंट असे लिहिलेला बिनरंगी अर्क घ्यावा. हिरवा रंग पांढऱ्या थरात उतरतो आणि तो थर औषधी दिसू लागतो. अर्क, इसेन्स आणि शुद्ध तेल यांच्या तीव्रतेत जमीन-अस्मानाचे अंतर असते. वीस सेंटिमीटरच्या एका चौकोनी साच्यासाठी चांगला अर्क अर्धा चहाचा चमचा पुरतो, बाजारी इसेन्स पाव चमच्यापासून सुरू करून बघावा लागतो, आणि खाद्य दर्जाचे शुद्ध तेल असेल तर दोन, फार तर तीन थेंब. तेल चमच्याने कधीही मोजू नये. ड्रॉपर नसेल तर टूथपिकचे टोक तेलात बुडवून ते पिठीसाखरेत फिरवावे, ती साखर चाखावी आणि मगच पुढे जावे.

चाखण्याची रीतही ठरवून घ्यावी. कोमट चॉकलेट किंवा कोमट क्रीममध्ये पेपरमिंटचा वास नाकाला भरपूर जाणवतो आणि तो पुरेसा झाला असे वाटते. किंवा उलट, गोडपणामुळे तो कमी वाटून आपण आणखी थेंब टाकतो. थर गार झाल्यावर आणि एक रात्र मुरल्यावर मात्र खरी तीव्रता कळते, कारण हे तेल स्निग्धांशात हळूहळू सारखे पसरते. म्हणून नमुन्याचा छोटा तुकडा आदल्या दिवशी करून दुसऱ्या दिवशी चाखावा. दोन-तीन घास चाखले की जीभ निकामी होते. त्यानंतर घरातल्या अशा माणसाला बोलवावे ज्याने त्या दिवशी पेपरमिंटला तोंड लावलेले नाही. त्याने आपण होऊन "छान आहे, जरा कमी वाटतं" असे म्हटले तर ते प्रमाण बरोबर आहे, असे मी मानतो. ग्राहक अख्खा तुकडा खातो, चमच्याच्या टोकावरचा कण नव्हे.

आता ब्राउनीकडे. ती केकसारखी होण्याची कारणे बहुधा चारच असतात: मैदा जास्त, बेकिंग पावडर, मैदा घातल्यानंतरचे फेटणे आणि जास्त वेळ भाजणे. ब्राउनी हा मुळात कमी पिठाचा, भरपूर चॉकलेट-लोण्याचा, दाट पदार्थ आहे. १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनाच्या वेळी तिथल्या पामर हाऊस हॉटेलात, स्त्रियांना डब्यात नेता येईल असा केकपेक्षा लहान गोड पदार्थ हवा म्हणून तिचा एक पूर्वज तयार झाला, असे सांगितले जाते. हातात धरता यावी, डब्यात चुरा होऊ नये आणि दोन दिवस टिकावी, ही अपेक्षा तेव्हापासूनची आहे, आणि ती फुगवलेल्या केकने पुरी होत नाही.

वीस सेंटिमीटरच्या चौकोनी साच्यासाठी माझे प्रमाण असे आहे: पन्नास ते पंचावन्न टक्के कोकोचे डार्क चॉकलेट १५० ग्रॅम, लोणी १२० ग्रॅम, बारीक साखर १८० ग्रॅम, अंडी ३, मैदा ७५ ग्रॅम, कोको पावडर २५ ग्रॅम, व्हॅनिला एक चहाचा चमचा, इन्स्टंट कॉफी अर्धा चहाचा चमचा आणि मीठ पाव चमचा. बाजारातले पिवळे टेबल बटर वापरणार असाल तर वेगळे मीठ घालू नये, कारण त्यात मीठ असतेच. घरचे पांढरे लोणी वापरण्याचा मोह अनेकांना होतो, पण त्यात पाणी किती राहिले आहे ते प्रत्येक वेळी बदलते, आणि ऑर्डरीच्या कामात अशी अनिश्चितता परवडत नाही. तूप तर नकोच. त्यात पाणी नसल्याने आणि स्वतःचा वास असल्याने ब्राउनी तेलकट होते आणि चॉकलेट मागे पडते. बेकिंग पावडर आणि सोडा या प्रमाणात अजिबात नाहीत. त्यामुळे कोको साधा आहे की अल्कली-प्रक्रिया केलेला, याने फुगण्यात काही फरक पडत नाही; रंग आणि चव मात्र बदलते. पेपरमिंटसोबत मला प्रक्रिया केलेला, गडद आणि कमी आंबट कोको अधिक जुळणारा वाटतो.

चॉकलेट आणि लोणी मंद आचेवर गरम पाण्याच्या भांड्यावर वितळवून कोमट होऊ द्यावे. वरच्या भांड्याला खालचे पाणी टेकू नये आणि चॉकलेटमध्ये पाण्याचा थेंब जाऊ नये, नाहीतर ते दाणेदार होऊन घट्ट बसते. दुसऱ्या भांड्यात अंडी आणि साखर बीटरने मध्यम वेगावर चार-पाच मिनिटे फेटावीत. मिश्रण फिकट, दाट झाले पाहिजे आणि बोटांत चोळल्यावर साखरेचा दाणा लागता कामा नये. ब्राउनीवर जी पातळ, चकचकीत, तडकलेली पापडी येते, ती या विरघळलेल्या साखरेची आणि अंड्याच्या प्रथिनांची असते. आपल्याकडची नेहमीची साखर जाड दाण्याची असल्याने ती या वेळात पुरती विरघळत नाही. म्हणून ती मिक्सरमध्ये दोन-तीनदा फिरवून बारीक करावी. विकतच्या पिठीसाखरेत गुठळ्या होऊ नयेत म्हणून बहुधा स्टार्च मिसळलेला असतो, त्यामुळे ती येथे टाळावी. वरच्या थरासाठी मात्र तीच चालते.

नागपूरच्या डिसेंबरविषयी येथे एक गोष्ट सांगायला हवी. सकाळी स्वयंपाकघर बारा-तेरा अंशांवर असते, कधी पारा एक आकड्यावरही उतरतो. फ्रिजबाहेर ठेवलेली अंडीही थंडच राहतात. अशी अंडी कोमट चॉकलेटमध्ये गेली की लोणी गोठते, मिश्रण जड होते आणि मग ते सैल करण्यासाठी आपण जास्त फेटतो. ब्राउनी चिवट व्हायला तेवढे पुरते. फोडण्यापूर्वी अंडी दहा मिनिटे कोमट पाण्यात ठेवावीत. दोन्ही मिश्रणे एकत्र करताना चॉकलेट हाताला सोसेल इतके कोमट असावे. मग मैदा, कोको, मीठ आणि कॉफी चाळून घालून स्पॅट्युलाने खालून वर, हलक्या हाताने मिसळावे. कोरडे पीठ दिसेनासे झाले की थांबावे.

ओव्हनच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. घरगुती ओटीजीच्या बटणावर १८० अंश असताना आत प्रत्यक्षात पंधरा-वीस अंशांचा फरक असणे नेहमीचे आहे, म्हणून आत टांगायचा छोटा थर्मामीटर ही या धंद्यातली सर्वांत उपयोगी खरेदी ठरते. संध्याकाळी विजेचा दाब उतरतो तेव्हा हे आणखी जाणवते. दाब दहा टक्के घटला की तारेची उष्णता देण्याची शक्ती सुमारे एकोणीस टक्के घटते, म्हणजे ओव्हन तापायला बराच जास्त वेळ लागतो आणि घड्याळ पाहून आत सरकवलेला साचा अर्धवट तापलेल्या ओव्हनमध्ये जातो. प्रत्यक्ष १७५ अंश सेल्सियस झाल्यावरच, बटर पेपर लावलेला साचा मधल्या जाळीच्या एक घर खाली ठेवावा. पंचवीस ते अठ्ठावीस मिनिटांत कडा बसतात आणि मध्यभाग किंचित हलतो. टूथपिक घातल्यावर तिला ओलसर कण चिकटले पाहिजेत. ती कोरडी बाहेर आली तर ब्राउनी जास्त भाजली गेली. उरलेले शिजणे बाहेर, साच्याच्या उष्णतेवर होते. मायक्रोवेव्हच्या कन्व्हेक्शनमध्ये पंखा असल्याने तापमान दहा-पंधरा अंश कमी ठेवावे आणि तीन-चार मिनिटे आधीच तपासायला लागावे. परदेशी पाककृतींत उंचीवरच्या गावांसाठी दिलेल्या दुरुस्त्या नागपूरला लागू नाहीत. आपण समुद्रसपाटीपासून जेमतेम तीनशे मीटरवर आहोत.

ब्राउनी पूर्ण गार झाल्यावरच पेपरमिंटचा थर. पूर्ण गार म्हणजे साच्याचा तळ हाताला थंड लागेल इतकी; नागपूरच्या थंडीत त्याला दोन तासांहून जास्त लागत नाहीत. पिठीसाखर २०० ग्रॅम, मऊ लोणी ५० ग्रॅम, एक ते दीड मोठा चमचा दूध, चिमूटभर मीठ आणि वर सांगितलेल्या प्रमाणात पेपरमिंट. लोणी आधी एकटे फेटून, मग साखर थोडी थोडी घालावी आणि दूध सर्वांत शेवटी, तेही थेंबाथेंबाने, कारण हा थर पसरता आला पाहिजे पण वाहता कामा नये. पेपरमिंट स्निग्धांशात विरघळत असल्याने ते लोण्यात आधी मिसळले तर सारखे पसरते. दुधात घातले तर एखाद्या कोपऱ्यात साचून राहते. थर चार-पाच मिलिमीटरपेक्षा जाड करू नये. गोडपणा मुळात भरपूर आहे आणि त्याला तोलायला खालची कडसर ब्राउनी आणि वरचे चॉकलेट लागते.

वरच्या चॉकलेटसाठी १२० ग्रॅम डार्क चॉकलेट आणि ८० ग्रॅम क्रीम असे दाट गनाश घ्यावे. आपल्याकडच्या पाकिटातल्या क्रीममध्ये स्निग्धांश सुमारे पंचवीस टक्केच असतो आणि ते उकळले की फाटते, म्हणून कडेला वाफ दिसू लागताच आचेवरून उतरवून बारीक चिरलेल्या चॉकलेटवर ओतावे आणि दोन मिनिटांनी मध्यभागापासून ढवळावे. तेल सुटले तर चमचाभर कोमट दूध घालून ढवळल्यास बहुधा सावरते. गनाश कोमट असतानाच पसरावे, गरम असताना नव्हे, नाहीतर खालचा लोण्याचा थर वितळून दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि कापल्यावर स्वच्छ पांढरी रेघ दिसत नाही. कंपाऊंड चॉकलेट येथे वापरावे का, असा प्रश्न दरवर्षी येतो. कंपाऊंडमध्ये कोको बटरऐवजी दुसरा वनस्पती-स्निग्धांश असतो. ते टेम्पर करावे (ठरावीक तापमानांतून नेऊन जमवावे) लागत नाही, स्वस्त पडते आणि वर चकाकते. पण कोको बटर साधारण ३४ अंशांवर, म्हणजे तोंडात गेल्याबरोबर वितळते आणि त्याच क्षणी पेपरमिंटचा गारवा पोहोचतो. या पदार्थाची सगळी गंमत त्या एका क्षणात आहे. कंपाऊंड टाळूला मेणासारखे चिकटते आणि तो क्षण हुकतो. ब्राउनीच्या मिश्रणात हवे तर काटकसर करावी, वरच्या थरात करू नये.

गोळ्यांच्या भरडीकडे आता येऊ. पेपरमिंटच्या लाल-पांढऱ्या कांड्या किंवा गोळ्या म्हणजे कठीण साखर, आणि ती हवेतला ओलावा ओढून घेते. गनाशमध्ये क्रीमचे पाणी, खालच्या थरात दुधाचे पाणी. त्यावर भरड पेरली की काही तासांत रंग वाहतो आणि लाल ओघळ दिसू लागतात. फ्रिजमध्ये ठेवलेला साचा बाहेर काढला की थंड पृष्ठभागावर हवेतले पाणी जमते आणि उरलेसुरले काम तेच करते. आपल्या तक्रारीचे मूळ बहुधा हेच आहे. यावर माझा उपाय असा: भरड थेट पेरायचीच नाही. २०० ग्रॅम पांढरे चॉकलेट हलके वितळवून बटर पेपरवर पातळ पसरावे, त्यावर भरड दाबून बसवावी आणि ते कडक झाल्यावर हातानेच ओबडधोबड तुकडे करावेत. प्रत्येक ब्राउनीवर गनाश ओलसर असतानाच असा एक तुकडा उभा खोचावा. साखरेखाली चॉकलेटच्या स्निग्धांशाचे अस्तर आल्याने ती दोन-तीन दिवस कुरकुरीत राहते, आणि दिसायलाही हे पेरलेल्या चुऱ्यापेक्षा कितीतरी देखणे असते. कोरडी भरडच हवी असा ग्राहकाचा आग्रह असेल तर ती वेगळ्या पुडीत द्यावी आणि वाढताना पेरायला सांगावे. भरड लाटण्याने जाडसर करावी. मिक्सरमध्ये तिचे पीठ होते, ते तर आणखी लवकर पाघळते. गोळ्या घेताना पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहावा, कारण काही मऊ गोळ्यांत आणि मार्शमेलोत जिलेटिन असते आणि आपल्या गावात त्याविषयी विचारणारे ग्राहक पुष्कळ आहेत.

बिनअंड्याची मागणी डिसेंबरात वाढते, याचे एक कारण मार्गशीर्ष आहे. नाताळ बरेचदा त्याच महिन्यात येतो, आणि अनेक मराठी घरांत गुरुवारचे व्रत असल्याने महिनाभर अंडे चालत नाही. एरवी आवडीने अंड्याची ब्राउनी खाणारी मंडळीही तेव्हा बिनअंड्याची मागतात, म्हणून ऑर्डर घेतानाच विचारून घ्यावे. विदर्भात जवस घरोघरी असतो, आणि तोच येथे कामाला येतो. न भाजलेला जवस बारीक दळून, तीन मोठे चमचे पुडीत अर्धी वाटी कोमट पाणी घालून पंधरा मिनिटे ठेवला की अंड्याच्या पांढऱ्या भागासारखा चिकट गर होतो आणि तो मिश्रण धरून ठेवतो. भाजलेला जवस वापरला तर मात्र चॉकलेटमधूनही चटणीची चव डोकावते. या गराबरोबर चॉकलेट १५० ग्रॅम, लोणी ९० ग्रॅम, कंडेन्स्ड मिल्क २०० ग्रॅम, बारीक साखर ५० ग्रॅम, मैदा १०० ग्रॅम, कोको २५ ग्रॅम आणि अर्धा चहाचा चमचा बेकिंग पावडर घ्यावी. मिश्रण फार घट्ट वाटले तर दोन-तीन चमचे दूध घालावे. ही ब्राउनी थोडी आधी, म्हणजे बावीस-तेवीस मिनिटांपासून तपासायला लागावे, कारण कंडेन्स्ड मिल्कमुळे कडा लवकर गडद होतात. वरची चकचकीत पापडी यात येत नाही. ती यावी म्हणून धडपडण्याचे कारणही नाही, कारण तिच्यावर दोन थर येणार आहेत. अंड्याची आणि बिनअंड्याची भांडी, बीटर आणि साचे वेगळे ठेवता येत नसतील तर बिनअंड्याची ऑर्डर आधी पूर्ण करावी, आणि घरात अंडे वापरले जाते हे ग्राहकाला सांगावे.

नागपुरात असल्याने आणखी एक मागणी हमखास येते: यात थोडा संत्र्याचा स्वाद घालाल का? डिसेंबरात आंबिया बहाराची संत्री बाजारात असतात आणि चॉकलेट-संत्रे ही जोडी उत्तमच आहे. पण पेपरमिंटच्या शेजारी संत्र्याची साल किसून घातली की मेंथॉल जिभेला बधिर करतो आणि सालीचा सुगंध हरवून नुसता कडसरपणा उरतो. संत्र्याची ब्राउनी वेगळी करावी, वेगळ्या नावाने विकावी. माझ्या मते नागपूरकरांनी नाताळच्या डब्यात ती ठेवायलाच हवी, फक्त पेपरमिंटच्या कप्प्यात नको.

हा वेगळा कप्पा नुसता म्हणण्यापुरता नाही. पेपरमिंटचा वास सगळीकडे शिरतो. एकाच डब्यात ठेवलेला प्लम केक, अक्रोडाची ब्राउनी, करंज्या, सगळ्यांना रात्रीतून तो लागतो आणि मग प्लम केकमधला मसाला ओळखूही येत नाही. पेपरमिंटच्या ब्राउनी स्टीलच्या किंवा काचेच्या झाकणबंद डब्यात स्वतंत्र ठेवाव्यात. प्लॅस्टिकचे डबे आणि सिलिकॉनचे स्पॅट्युला हा वास धरून ठेवतात, म्हणून त्यांचा एक संच याच कामासाठी राखून ठेवलेला बरा. मिश्र डबा द्यायचा असेल तर पेपरमिंटचा तुकडा बटर पेपरमध्ये आणि वर फॉइलमध्ये पूर्ण गुंडाळून द्यावा.

कापण्यापूर्वी साचा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावा. त्यानंतर लांब, पातळ सुरी गरम पाण्यात बुडवून, कोरडी पुसून एकेक छेद द्यावा आणि प्रत्येक छेदानंतर पुन्हा पुसावी. नाहीतर पांढऱ्या थरावर चॉकलेटचे डाग ओढले जातात. नेहमीच्या पाच सेंटिमीटरच्या तुकड्यापेक्षा चार सेंटिमीटरचा तुकडा करावा, म्हणजे एका साच्यातून पंचवीस निघतात. हा पदार्थ जड आणि तीव्र आहे. मोठा तुकडा कौतुकाने घेतला जातो आणि अर्धा ताटलीत राहतो.

टिकण्याच्या बाबतीत नागपूरची थंडी आपल्या बाजूने आहे. हवा कोरडी असते, गनाश ओट्यावरच बसते, फ्रिजची गरज कमी लागते. क्रीमचे गनाश असल्याने थर लावलेल्या ब्राउनी बाहेर दोन दिवस आणि फ्रिजमध्ये बंद डब्यात चार-पाच दिवस ठेवाव्यात. फ्रिजमधून काढल्यावर डबा तासभर उघडू नये, म्हणजे पाणी तुकड्यांवर न जमता डब्याच्या बाहेर जमते. बिनथराची ब्राउनी बटर पेपर आणि फॉइलमध्ये गुंडाळून डीप फ्रीजरमध्ये महिनाभर चांगली राहते. सदरला किंवा मोहननगरला चर्चच्या कार्यक्रमासाठी मोठी ऑर्डर असेल तर मी थर न लावलेले साचे आठवडाभर आधी करून ठेवण्याचा सल्ला देईन. थर आदल्या दिवशी, पांढऱ्या चॉकलेटचे तुकडे त्याच दिवशी. पुण्या-मुंबईला कुरिअरने पाठवायच्या असतील तर गनाशऐवजी १२० ग्रॅम चॉकलेट आणि ३० ग्रॅम लोणी वितळवून त्याचा थर द्यावा. त्यात पाणी फारच कमी असल्याने तो जास्त टिकतो आणि प्रवासात दबत नाही. मुंबईची हवा दमट असते, तेव्हा तिकडे जाणाऱ्या डब्यात खोचायचे तुकडे वेगळे बांधावेत.

डब्यावर मैदा, दूध, अंडे आणि चॉकलेटमधले सोया लेसिथिन यांचा उल्लेख करावा आणि खाद्य नोंदणीचा क्रमांक छापावा. दोन-तीन वर्षांखालच्या मुलांना ही ब्राउनी देऊ नये, अशी एक ओळ मी आवर्जून घालायला सांगतो, कारण तीव्र मेंथॉल फार लहान मुलांना सोसत नाही आणि कठीण साखरेचा तुकडा घशात अडकू शकतो. ज्यांना आम्लपित्ताचा त्रास आहे त्यांनाही रात्रीच्या जेवणानंतर पेपरमिंट जड जाते, कारण त्यामुळे अन्ननलिकेच्या तळाची झडप सैल पडते. अशा ग्राहकांना आपण संत्र्याचा डबा सुचवू शकता.